अनंताची पानं पिवळी का पडतात? लोह मातीतच आहे, पण कुलपात

या एपिसोडमध्ये थोडे आकडे आहेत, म्हणून ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकला त्यांनी हे सावकाश वाचा.

चिखली, मोशी, वाकड, चाकण, सगळीकडून साधारण एकच फोटो येतोय. बाल्कनीतली कुंडी, त्यात अनंत किंवा एक्झोरा, शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक आणि त्यावर शिरा मात्र हिरव्यागार. खाली मेसेज: "आयर्न टॉनिक दोनदा दिलं, फरक शून्य." हा प्रश्न माझ्याही घरातला आहे. आईने सावंतवाडीहून आणलेला अनंत आमच्या गॅलरीत आहे. मूळ झाड ज्या अंगणात होतं ते घर आता विकलंय. त्यामुळे "जाऊ दे, नर्सरीतून दुसरं आण" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

आधी पिवळं कुठलं पान पडतंय ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोहाची अशी बदली होत नाही. जुन्या पानात गेलेलं लोह तिथेच राहतं, म्हणून लोह कमी पडलं की नवीन पान पिवळं निघतं. तुमच्या फोटोंत हेच दिसतंय.

आता गंमत बघा. आपण राहतो तो सगळा पट्टा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. या दगडात लोह भरपूर असतं आणि त्याच्यापासून झालेल्या काळ्या मातीतही ते असतं. मग झाड उपाशी का? आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा सर्व्हरवर आहे, पण परमिशन नाही. ही परमिशन देतो पीएच. मातीत पीएच ७ च्या वर गेला की लोह गंजासारखं घट्ट बसतं, मुळांना पाण्यातून मिळत नाही. पीएचचा एकेक आकडा म्हणजे आम्लतेत दहापट फरक, आणि लोहाच्या विरघळण्यात तर साधारण हजारपट. म्हणून ६ आणि ८ मधला फरक कागदावर छोटा दिसला तरी अनंतासाठी तो जेवण आणि उपास यांतला फरक आहे.

मग कोकणात हेच झाड काही न करता कसं फुलतं? तिथेही पुष्कळ ठिकाणी खाली बेसाल्टच आहे. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशे-साडेसातशेच्या आसपास. धो धो पावसाने मातीतला चुना हजारो वर्षं धुऊन नेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. तोच आपला जांभा आणि त्याची लाल, आम्लधर्मी माती. आपल्याकडे चुना धुतलाच जात नाही. काळ्या रानात खणलं की पांढरे खडे लागतात ना, ती चुनखडी.

त्यात सोसायटीची भर. नवीन बिल्डिंगच्या बागेत वर चार इंच माती आणि खाली राडारोडा असतो. सिमेंट, प्लास्टर, सगळं चुन्याचंच. आयटी पार्कात फुटपाथला लागून असलेली एक्झोराची कुंपणं नीट बघा, काँक्रीटच्या कडेची झाडं जास्त पिवळी दिसतील.

घरी चाचणी सोपी आहे. वाटीत सुकी माती घ्या, वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले, फसफसलं, तर मातीत मोकळा चुना आहे. "लाल माती" म्हणून विकत घेतलेल्या गोणीचीही हीच चाचणी करा, कारण रंग लाल म्हणजे माती आम्लधर्मी असं नसतं. नेमका आकडा हवा असेल तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

फसफसलं तर काय? पुष्कळ जण सांगतात, गंधक टाका. तत्त्व बरोबर आहे. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात. पण हिशोब करा. एक किलो चुना संपवायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत १५ किलो माती आणि त्यात ५ टक्के चुना धरला, तर चुना ७५० ग्रॅम आणि गंधक २४० ग्रॅम! एवढं एका कुंडीत घातलं तर चुना संपेल न संपेल, झाड आधी जाईल. चुनखडीच्या मातीशी भांडू नका, माती बदला.

हे शहाणपण आपल्या शेजारीच आहे. तळेगाव आणि मावळातले गुलाबाचे पॉलिहाऊसवाले व्हॅलेंटाईनला परदेशी फुलं पाठवतात. त्यांच्या गादीवाफ्यांत बाहेरून ट्रकने आणलेली लाल माती असते. एक तर तिच्यातून पाणी पटकन निचरतं, आणि गुलाबाला पीएच ५.५ ते ६.५ लागतो. ड्रिपच्या पाण्यातही ते आम्ल मोजून सोडतात. ज्यांचं पोट त्यावर आहे ते काळ्या मातीला "सुधारत" बसत नाहीत.

कुंडीसाठी मी हे मिश्रण सांगेन: चार भाग तपासलेली लाल माती, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस. आमचा अनंत यातच आहे. गंधक द्यायचंच तर या मिश्रणात, चिमूटभर, आणि परिणामाला दोन-तीन महिने द्या. रीलमध्ये बघून अंड्याची टरफलं आणि राख मात्र टाकू नका. टरफल म्हणजे चुनाच, आणि राखही पीएच वरच नेते.

माती बदलली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पाणी. २०१९ च्या अखेरीस आपल्याकडे एक दिवसाआड पाणी सुरू झालं. कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत, आणि ते पाणी जड असतं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच रोज थोडा थोडा कुंडीत जातो. वर्षभरात चांगली लाल मातीसुद्धा बिघडते. पावसाळ्यात गॅलरीत दोन बादल्या ठेवा, पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असतं. एरवी १५ लिटर बोअरच्या पाण्यात सपाट चहाचा चमचा लिंबूसत्व घाला आणि पट्टीने पीएच ६ च्या आसपास आहे का बघा. प्रत्येकाचं पाणी वेगळं, त्यामुळे पट्टीवर विश्वास ठेवा, चमच्यावर नाही.

आणि टॉनिक? पाकिटामागे बघा. हिराकस चुनखडीच्या मातीत टाकला की थोड्याच दिवसांत गंजून बसतो. ईडीटीए लिहिलेलं चिलेट पीएच साडेसहा-सातच्या वर टिकत नाही, त्याची फवारणी ठीक. मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. महाग असतं, पण पीएच ८ लाही ते लोह सोडत नाही, मुळापर्यंत नेतं. पाकिटावरचं प्रमाण पाळा.

हायड्रेंजियावाल्यांनी विचारलं होतं, नर्सरीतून निळं आणलं, पुढच्या वर्षी गुलाबी का? तेच उत्तर. निळ्या रंगाला ॲल्युमिनियम लागतं आणि ते पीएच साडेपाचच्या खालीच मोकळं होतं. तुमचं झाड आजारी नाही, ते फक्त तुमच्या मातीचा रिपोर्ट दाखवतंय.

शेवटचं. हे सगळं केल्यावर पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होण्याची वाट बघू नका. नवीन फुटवा बघा. आतल्या दोन पानांचा रंग गडद निघाला की फोटो पाठवा.