विवाहार्थ प्रवेशपत्र

विवाहार्थ प्रवेशपत्र : परदेशात राहणाऱ्या व्यक्तीशी विवाह करण्याच्या हेतूने त्या देशात जाण्यासाठी वाग्दत्त वधूस वा वरास मिळणारी अनुज्ञा. सामान्य प्रवाशाच्या प्रवेशपत्राहून (व्हिसाहून) ती दोन बाबतींत वेगळी आहे. प्रवासी परत जाणार असे गृहीत धरलेले असते. येथे अर्जदार बहुधा कायम वास्तव्याच्या इराद्याने येतो. दुसरे असे, की अर्जाच्या वेळी विवाह झालेला नसल्यामुळे पतिपत्नींना मिळणारे हक्क त्याला नसतात. कायद्याच्या दृष्टीने जे नाते अद्याप अस्तित्वातच नाही, त्याचा खरेपणा सिद्ध करण्याचा भार मात्र त्या दोघांवर असतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या वर्गाचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. डिसेंबर १९४५ च्या युद्धवधू अधिनियमाने सैनिकांच्या परदेशी पत्नींना व मुलांना ठराविक कोट्याबाहेर प्रवेश दिला. ज्यांचे केवळ लग्न ठरले होते त्यांच्यासाठी २९ जून १९४६ रोजी वेगळा कायदा झाला. त्यान्वये वाग्दत्तांस तीन महिन्यांपुरते येता येई व विवाह न झाल्यास परतावे लागे. हा कायदा तात्पुरता होता. ‘के-१’ हा कायम स्वरूपाचा वर्ग ७ एप्रिल १९७० च्या दुरुस्तीने निर्माण झाला.

के-१ साठी प्रथम अर्ज करावयाचा तो अमेरिकी नागरिकाने. तेथील कायम रहिवाशास हा मार्ग खुला नाही. अर्ज मान्य झाल्यावर प्रकरण वाग्दत्त व्यक्तीच्या देशातील वकिलातीकडे जाते. तेथे वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र आणि समक्ष मुलाखत या गोष्टी होतात. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत, आणि अर्ज करणाऱ्या त्याच व्यक्तीशी, विवाह व्हावा लागतो. विवाहानंतर वास्तव्याचा अर्ज निराळा करावा लागतो व पहिली दोन वर्षे ते वास्तव्य सशर्त असते. ही सशर्तता बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ च्या कायद्याने आली. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी, ही अटही त्याच कायद्याची. कठोर व दीर्घकाळ चालत आलेल्या रूढीमुळे भेट अशक्य असल्यास सूट मिळू शकते. परंतु पत्रिका जुळली व वडीलधाऱ्यांनी पसंती दिली, एवढ्यावर ती मिळत नाही.

महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक पेच आहे. नात्याचा पुरावा म्हणून पत्रव्यवहार, प्रवासाची तिकिटे, साखरपुड्याची छायाचित्रे इ. उपयोगी पडतात. तथापि हौसेने अथवा मुहूर्त साधण्यासाठी विधिपूर्वक लग्नच लावले, तर अर्जाचा पायाच ढासळतो. हिंदु विवाह अधिनियमाच्या (१९५५) सातव्या कलमानुसार, सप्तपदी हा विधीचा भाग असल्यास सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. मग ती व्यक्ती वाग्दत्त राहत नाही आणि तिला पतिपत्नींसाठी असलेल्या वेगळ्या मार्गाने नव्याने अर्ज करावा लागतो. घरच्यांना जो सोहळा वाटतो, तो वकिलातीतील अधिकाऱ्यास नकाराचे कारण ठरतो.

खरेपणाच्या तपासाने किती खालची पातळी गाठली, हे ब्रिटनमध्ये दिसले. तेथे स्थायिक झालेल्या व्यक्तीशी तीन महिन्यांत विवाह करणार असलेल्या वधूस त्या काळी आगाऊ प्रवेशपत्राची गरज नसे. पत्नीस मात्र परवानगीसाठी दीर्घकाळ थांबावे लागे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेली एक भारतीय शिक्षिका आधीच विवाहित असावी, अशा संशयावरून तिची कौमार्यतपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांतून हे उघड होताच भारतात व ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली आणि ही प्रथा बंद करावी लागली. भारतीय उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्याचे पुढे शासकीय कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. अशा तपासणीला वैद्यकीय आधार नव्हताच. ती निव्वळ मानहानी होती.

पुढे १९८० च्या दशकात ‘प्रमुख हेतू’चा नियम कठोरपणे लागू झाला. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा विवाहाचा प्रमुख हेतू नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे. नसलेला हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. प्रेम खरे असूनही अर्ज फेटाळला जाई. हे नियम प्रथम पुरुषांस स्त्रियांपेक्षा अधिक जाचक होते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी त्यांत लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. त्यावर शासनाने पुरुषांवरील निर्बंध सैल करण्याऐवजी ते स्त्रियांनाही लावले. समतेचा असा अर्थ न्यायालयास खचितच अभिप्रेत नसावा. हा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला.

त्यानंतर भर हेतूवरून उत्पन्नाकडे वळला. जुलै २०१२ पासून ब्रिटनमधील जोडीदारासाठी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची किमान मर्यादा घालण्यात आली व एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली. वाग्दत्तास तेथे सहा महिन्यांसाठी प्रवेश मिळतो. त्या अवधीत नोकरी करता येत नाही. अमेरिकेत समलिंगी जोडप्यांना हा मार्ग जून २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मोकळा झाला.

भारताच्या प्रवेशपत्रांत वाग्दत्तांसाठी असा स्वतंत्र वर्ग नाही. परदेशी जोडीदाराशी भारतात नोंदणी पद्धतीने विवाह विशेष विवाह अधिनियमाखाली (१९५४) होतो. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते व नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. परदेशात विवाह करणाऱ्या भारतीयांस परकीय विवाह अधिनियमाचा (१९६९) आधार असून तो विवाह भारतीय वकिलातीतील विवाहाधिकाऱ्यासमोर होतो. भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीस वा पत्नीस विवाहाची नोंदणी होऊन तो सलग दोन वर्षे टिकल्यानंतरच समुद्रपार भारतीय नागरिक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो.