भूज ते दिब्रुगड : अंतर किलोमीटरचे की तासांचे?

कच्छमधील भूज आणि वरच्या आसामातील दिब्रुगड या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २,६०० किलोमीटर आहे. हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधील लघुतम मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. येथे तो कंस उत्तरेकडे किंचित झुकून नेपाळच्या तराईवरून व भूतानच्या दक्षिण कडेवरून जातो. प्रत्यक्षात विमाने आखून दिलेल्या हवाई मार्गांनीच उडत असल्याने कापावे लागणारे अंतर थोडे अधिक भरते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने या प्रवासास सव्वातीन तास लागतील. चढण, उतरण व धावपट्टीवरील हालचाल यांसाठी अर्धा तास धरल्यास पावणेचार तास होतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणाऱ्या पश्चिमी झोतवाऱ्यांमुळे पूर्वेकडे जाताना वेळ वाचतो, परतताना तो अधिक लागतो. (घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. रेखांशांत २५ अंशांचा फरक असल्याने डिसेंबरात दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा भुजला दिवसाचे जवळपास पावणेदोन तास शिल्लक असतात.)

परंतु हे पावणेचार तास कागदावरचेच आहेत, कारण या मार्गावर थेट विमानसेवा नाही. मुंबई व कोलकातामार्गे गेल्यास अंतर सुमारे ३,१०० किलोमीटर होते, म्हणजे वाढ केवळ एक-पंचमांश. तीन टप्प्यांचा उड्डाणकाळही साडेपाच तासांच्या आतच राहतो. खरा वेळ जातो तो दोन ठिकाणच्या प्रतीक्षेत. पुढचे विमान चुकले तर मुक्काम अटळ ठरतो. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी निघालेल्या व्यापाऱ्याचे दोन-तीन कामाचे दिवस खर्ची पडतात. हा संधी परिव्यय तिकिटाच्या दरात कोठेच दिसत नाही.

थेट सेवा का नाही, याचे उत्तर विमानाच्या आकारात आहे. सुमारे ७० आसनी पंख्याच्या विमानाचा पल्ला भरल्या आसनांनिशी साधारण दीड हजार किलोमीटरचा. ते येथे अपुरे पडते. पल्ला गाठू शकणाऱ्या १८० आसनी जेट विमानात ७० टक्के आसने भरायची, तर रोज प्रत्येक दिशेने १२६ प्रवासी हवेत. दोन लहान शहरांमध्ये एवढी मागणी निर्माण होत नाही. म्हणून चाकाच्या आऱ्या तुंब्यात मिळाव्यात तसे प्रवासी महानगरांत एकत्र आणले जातात.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेने लहान शहरांसाठी व्यवहार्यता तफावत निधी देऊ केला. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली हे पहिले उड्डाण झाले. निवडक मार्गांवर निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवण्यात आले आणि तासाभराच्या प्रवासासाठी ते प्रारंभी २,५०० रुपये होते. साहाय्याची मुदत तीन वर्षांची. मात्र नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली. अनुदान मागणी निर्माण करीत नाही, ती असल्यास टिकविण्यास साहाय्य करते. भूज-दिब्रुगडसारख्या दूरच्या जोडीस तर थेट विमानापेक्षा मुंबई व कोलकाता येथील वेळापत्रकांची सांगड अधिक उपयोगी पडेल, आणि तिचा खर्चही पुष्कळ कमी आहे.