विडी सुटली, खर्रा लागला : धूम्रपानमुक्ती आणि वैद्यांचे कर्तव्य

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया बांधवांच्या रुग्णसेवेस वाहून घेतले. हिवताप, क्षय व कुपोषण यांच्याशी झुंजणाऱ्या या अरण्यप्रदेशात तंबाखू हे आणखी एक ओझे आहे. ज्या विडीने फुप्फुसे काळवंडतात, तिचे तेंदूपान याच जंगलातून जाते आणि उन्हाळ्यातील त्या तोडणीवर अनेक घरांचा वर्षाचा रोख खर्च भागतो. म्हणून येथे व्यसनमुक्तीचा उपदेश करताना पाने तोडणाऱ्याला दोष देऊन चालत नाही. आपला रोख धुरावर व तंबाखूवर असावा.

व्यसनाचे खरे रूप

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा घरोघरी परिचित आहे. यामुळे रुग्ण ‘विडी सोडली’ असे सांगतो, तेव्हा गालात खर्रा असण्याचा संभव असतो. निकोटिनची तलफ तशीच राहते. खर्रा चघळल्याने मुखाचा कर्करोग होऊ शकतो, तर सुपारीमुळे तोंड उघडणे कमी होत जाते. प्रश्नपरीक्षेत ‘विडी ओढता का?’ एवढेच न विचारता खर्रा, गुडाखू, नस यांचीही नावे घेऊन विचारावे.

शास्त्रोक्त धूमपान म्हणजे धूम्रपान नव्हे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे धूमपान सांगितले आहे. ते औषधी वर्तीचे, नियत काळी व नियत मात्रेत करावयाचे. अकाली व अतिमात्र केल्यास बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम होतात, असा इशाराही तेथेच आहे. तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली. चरकाचार्यांना ती ठाऊक नव्हती. तेव्हा शास्त्राचा आधार घेऊन ‘हर्बल विडी’ विकणे हे शास्त्राचे विडंबन होय. तंबाखू नसली तरी जळणाऱ्या पानातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निघतेच. औषधविक्रेत्या बंधूंनी हा माल फळीवरून उतरवावा. दंतमंजनात तंबाखूच्या वापरास १९९२ सालापासून बंदी आहे, हेही ध्यानी ठेवावे.

पादांशिक क्रम

अहितकर सवय पाव-पाव अंशाने सोडावी, तेवढ्याच अंशाने हितकर आचरण स्वीकारावे व टप्प्याटप्प्यांत एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे, असा क्रम चरकांनी दिला आहे. दिवसाला बारा विड्या ओढणाऱ्याने नऊ, सहा, तीन असे उतरत यावे. पण शून्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवावी. ‘कमी केली’ यावर समाधान मानू नये. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयरोग-धोक्याच्या सुमारे निम्मा धोका राहतो, असे २०१८ मधील एका संशोधन-विश्लेषणात दिसून आले.

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, निद्रानाश, मलावष्टंभ व तलफ ही लक्षणे तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. त्यांवर त्रिफळा, अभ्यंग, कोमट पाणी यांची योजना करता येईल. तोंडात धरावयास बडीशेप, ओवा किंवा वाळलेला आवळा द्यावा. सुपारी मात्र नको. ही द्रव्ये सोबत करणारी आहेत, निकोटिनचा उतारा नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगावे. व्यसन जुने व तीव्र असल्यास निकोटिनयुक्त च्युइंगम वा अन्य उपचारांसाठी रुग्णास योग्य ठिकाणी पाठविण्यात कमीपणा मानू नये. १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावरही समुपदेशन मिळते.

लाभ एकाचा, आरोग्य गावाचे

धूम्रपान थांबविल्यावर वर्षभरात हृद्रोगाचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका जवळजवळ अर्धा होतो. क्षयाचा धोका धूम्रपानाने वाढतो, म्हणून एका झोपडीतील विडी विझली की तेथील बालके व गर्भिणीही धुरापासून वाचतात. शिवाय रोजच्या खर्ऱ्याचे पैसे घरात राहतात.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखूविरोधी अभियान गावपातळीवर चालविले गेले. १९९३ च्या दारूबंदीमागेही लोकांचीच चळवळ होती. गावाचा असा निर्धार असेल, तर वैद्याचा शब्द अधिक फळतो. मात्र त्या शब्दाला वजन यावे, यासाठी वैद्याने प्रथम स्वतः तंबाखूमुक्त असावे आणि आपल्या चिकित्सालयाच्या दारात खर्ऱ्याची पिंक दिसू देऊ नये. येत्या तिमाहीत प्रत्येक वैद्यबंधु-भगिनीने निदान एका रुग्णाचा पादांशिक क्रम शून्यापर्यंत नेऊन दाखवावा, अशी नम्र विनंती.