नेमका शब्द, लेखांक 7 : कौशल्याने, शिताफीने की निगुतीने?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्दजवळ वैनगंगेवर जे धरण आहे त्याला 33 दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या बातम्या सतत येतात. 'इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले', असं त्यांत लिहिलेलं असतं. 'कौशल्याने उघडले' असं कुणी लिहीत नाही, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेला आलं, भंडारा शहरात पूर शिरला, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडची गावं पाण्याने वेढली गेली. पाणी अडवून धरलं तर वरच्या गावांना धोका, एकदम सोडलं तर खालच्यांना. अशा कामात 'अर्ध्या मीटरने' हेच खरं क्रियाविशेषण. 'टप्प्याटप्प्याने', 'वेळेवर' हेही चालतील, कारण त्यांतून काम कसं झालं ते कळतं. 'कौशल्याने' म्हटल्यावर फक्त लिहिणाऱ्याचं मत कळतं.

कसब दाखवणाऱ्या रीतिवाचक क्रियाविशेषणांची आपल्याकडे चंगळ आहे: कुशलतेने, शिताफीने, सफाईने, सराईतपणे, लीलया, समर्थपणे, चोख, निगुतीने. शब्दकोशात ती एकमेकांच्या शेजारी बसलेली दिसतात, म्हणून कोणतंही उचललं तरी चालेल असं वाटतं. पण यांतलं प्रत्येक कसबाची वेगळी जागा दाखवतं. कुठे ते वेगात असतं, कुठे सवयीत, कुठे जीव लावण्यात.

गोसीखुर्दच्या जलाशयात डोंग्यातून फेकजाळं टाकणारा ढिवर पाहा. जाळ्याचा काही भाग तो खांद्यावर घेतो, काही हातात गोळा करतो, कमरेतून वळतो आणि सोडतो. जाळं हवेत गोल उघडतं आणि कडेची शिशाची वजनं जवळजवळ एकाच वेळी पाण्याला लागतात. इथे 'सफाईने' बसतं, कारण सफाई म्हणजे कुठेही अडखळ न राहणं. 'शिताफीने' मात्र जरा जपून. शिताफीत चपळाई आणि प्रसंगावधान येतं, हातून निसटू पाहणारं काहीतरी समोर असावं लागतं. जाळ्यातून उसळी मारणारा मासा त्याने वरच्या वर पकडला, तर तो शिताफीने पकडला. म्हणूनच पोलीस चोराला शिताफीने पकडतात, पण शिक्षक गणित शिताफीने शिकवत नाहीत.

'सराईतपणे' हा शब्द मूळचा सरावाचा, पण 'सराईत गुन्हेगार' इतक्या वेळा छापला गेला की आता या शब्दावर त्या गुन्हेगाराची सावली पडते. एखाद्या ढिवराविषयी लिहिताना मी 'सराईत हातांनी' असं लिहीन. हात म्हटलं की सराव उरतो, संशय जातो.

'लीलया'ची गोष्ट आणखी वेगळी. एक तर 'लीला'ची तृतीया त्यात आधीच आहे, तेव्हा 'लीलयाने' किंवा 'लीलयापणे' करू नये. दुसरं, हा शब्द नेहमी बघणारा वापरतो. काठावर उभं राहून जाळं फेकणाऱ्याकडे पाहणारा 'लीलया' म्हणतो. दिवसभर तेच करून ज्याचा खांदा भरून आला आहे, तो स्वतःविषयी असं कधीच म्हणणार नाही. कष्टाच्या कामाचं वर्णन करताना 'लीलया' लिहिलं की कष्ट पुसले जातात, म्हणून मला तो अशा ठिकाणी खटकतो.

आता धानाची रोवणी. चिखल केलेल्या बांधीत बायका ओळीने वाकलेल्या असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंढी. उजव्या हाताचा अंगठा दोन-तीन रोपं वेगळी काढतो आणि बोटं ती चिखलात रोवतात. मग पाऊल मागे. फार खोल गेलं तर फुटवे नीट येत नाहीत, वरवर राहिलं तर रोप पाण्यावर तरंगतं. याला कोणतं क्रियाविशेषण द्याल? 'भराभर' वेग सांगेल, कसब नाही. 'कुशलतेने' चुकीचं नाही. उलट त्या शब्दाच्या पोटात गवतच आहे: परंपरेने त्याची फोड 'कुश आणणारा' अशी करतात, आणि कुशाची पाती हात कापते, म्हणून ती आणायला कसब लागतं. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात लक्षणेच्या, म्हणजे मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याच्या, चर्चेत हाच शब्द उदाहरण म्हणून येतो. पण आज 'कुशलतेने' प्रमाणपत्रावरचा शब्द झाला आहे. रोवणीसाठी मी 'निगुतीने' निवडीन. त्यात काळजी आहे, बेताचा हात आहे, रोपाविषयी आपुलकी आहे. हा शब्द आपण स्वयंपाकघरापुरता ठेवला, हे त्याचं नुकसानच.

आणि पुष्कळदा मराठीला क्रियाविशेषण लागतच नाही. 'तिचा हात बसलाय', 'त्याला जाळं साधलंय', 'तिला रोवणी जमते' यांत क्रियापदच कौतुक करून मोकळं होतं. 'तो जाळं निपुणतेने फेकतो' हे वाक्य व्याकरणात बसेल, पण पवनीच्या बाजारात ते कुणाच्या तोंडी येणार नाही.

सरकारी पत्रकांतलं 'यशस्वीरीत्या' मात्र वेगळ्या कारणासाठी तपासायला हवं. आधी लेखन: 'रीत्या' हे 'रीती'वरून आलं आहे, म्हणून री दीर्घ. मग अर्थ. कौशल्याने, सफाईने हे शब्द काम करण्याच्या रीतीविषयी बोलतात. 'यशस्वीरीत्या' निकाल देतो. गोसीखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्यानंतर कालव्यांची कामं अनेक दशकं रेंगाळली आणि बुडीत गावांतले लोक पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिले. अशा प्रकल्पातल्या कोणत्याही कामाविषयी 'यशस्वीरीत्या' लिहिताना तो निकाल कुणाचा, हे वाक्यात यायला हवं. ज्याचं घर हललं त्याचा, की ज्याने अहवाल लिहिला त्याचा? किती कुटुंबांना भूखंड मिळाले, किती हेक्टरला पाणी पोचलं, हे आकडे द्यावेत आणि क्रियाविशेषण गाळावं.

'समर्थपणे' आणि 'चोख' हे दोन शब्द राहिले. भार किंवा जबाबदारी असेल तिथे 'समर्थपणे': पेलणं, सांभाळणं, चालवणं. हिशेब, बंदोबस्त, व्यवहार यांना 'चोख', आणि त्याला 'पणे' जोडण्याची गरज नाही. 'व्यवस्थित'लाही नाही.

पुढच्या आठवड्यात उलट बाजू पाहू: ढिसाळपणे, अर्धवट, कसंबसं आणि 'उरकून टाकलं'.