सहलीतला रस्ता

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वेध लागतात. पुण्याहून पाचगणीला जायचे तर जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच जातात. त्या वेळाचे आपण काय करतो? भेंड्या, आणि त्या संपल्या की झोप. भेंड्यांना आमचा विरोध नाही. पण काही पालकांनी सहलीची वर्गणी पोटाला चिमटा घेऊन भरलेली असते. त्या पैशांत हे तासही येतात.

मात्र गाडीत बसल्याबसल्या भरायला छापील प्रश्न वाटू नयेत. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगत असते की शरीर वळते आहे, हेलकावते आहे. वहीवर खिळलेले डोळे सांगतात, सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते, ‘गाडी लागते’. म्हणून घाटात वह्या बंद, नजर लांबच्या डोंगरावर, आणि डोकी-हात खिडकीच्या आत.

सपाट रस्त्यावर वेग मोजता येतो. एका गटाने किलोमीटरचे दगड किंवा पाट्या पाहाव्यात, दुसऱ्याने घड्याळ. एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की ताशी वेग मिळतो : ७२ सेकंद लागले तर ५० किलोमीटर. पुढे बसलेल्या बाईंनी गाडीचा काटा पाहून पडताळा घ्यावा. जाताजाता दगडांचे रंगही पाहावेत. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १२९० वर. मधल्या पसरणीच्या घाटातून समोरच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यांतला कठीण भाग कड्यासारखा उभा राहिला, ठिसूळ भाग झिजून उतार झाला. मुलांना थर मोजू द्यावेत, आकडे जुळणार नाहीत. टेबललँडवर मात्र काळा दगड जाऊन तांबडा जांभा लागतो. तो निराळ्या लाव्हाचा नव्हे. काळ्या दगडातलीच सिलिका पावसाच्या पाण्याने वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली.

आमचा आवडता प्रयोग परतीचा आहे. त्याला जाड प्लॅस्टिकची लिटरभराची कोरडी बाटली, तापमापक आणि औषधाचे मापाचे झाकण एवढेच लागते. पाचगणी गावात बाटली उघडी करून सावलीत ठेवा, तापमान लिहा आणि बूच घट्ट लावा. घाट उतरून वाईला आलात की बाटली चेपलेली दिसेल. हवा आत तेवढीच आहे, बाहेरचा दाब वाढला आहे. आता बादलीभर पाण्याचे तापमान लिहा, बाटली पाच-दहा मिनिटे त्यात बुडवून धरा आणि पाण्याखालीच, तोंड खाली करून बूच काढा. पाणी आत शिरते. आतली-बाहेरची पातळी सारखी करून बूच पुन्हा लावा आणि आत आलेले पाणी मोजा.

दोन्हीकडचे तापमान सारखे असेल तर साठ-पासष्ट मिलिलिटर पाणी येते. एरवी वाईचे पाणी अधिक उबदार असते. तीन अंश सेल्सिअसला हवा सुमारे एक टक्का फुगते, म्हणजे दहा मिलिलिटर पाणी कमी शिरते. तेवढे मिळवून घ्यावे. या उंचीवर साधारण ८७ मीटर खाली उतरले की दाब एक टक्का वाढतो. दुरुस्तीनंतर ६५ मिलिलिटर, म्हणजे साडेसहा टक्के आले, तर साडेसहा गुणिले ८७, सुमारे ५६५ मीटर. प्रत्यक्ष फरक ५७० चा. एखाद्या गटाला चारशेच मीटर मिळाले तर आधी बूच तपासावे, मग तापमापक उन्हात धरला होता का ते विचारावे.