हेलिकॉप्टरची प्रतिकृती : एक हस्तविद्या



ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, अर्थकारण आणि समाजकारण यांची चर्चा चालते, तेथे हेलिकॉप्टरच्या हातभर प्रतिकृतीवर व्याख्यान कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ती रास्त आहे. खेळणे म्हणजे मुलांचा विषय आणि मोठ्यांनी त्यात वेळ घालवणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी आपली एक ठाम समजूत आहे. परंतु खेळणे आणि प्रतिकृती या दोन वस्तू निरनिराळ्या आहेत. खेळण्याने मूळ वस्तूची आठवण करून दिली की त्याचे काम संपते. प्रतिकृतीला मूळ वस्तूविषयी साक्ष द्यावी लागते. आणि साक्ष म्हटली की खऱ्याखोट्याचा प्रश्न आलाच.

बाजारात तयार भागांचे संच मिळतात. भाग सुटे करावेत, चिकटवावेत, रंगवावेत. त्यातही कौशल्य आहे. पण आज आपण बोलणार आहोत ते संचाशिवाय, म्हणजे लाकूड, प्लॅस्टिकचा पत्रा, पितळी तार आणि कागद एवढ्याच भांडवलावर घडवलेल्या प्रतिकृतीविषयी. संचात विचार दुसऱ्याने केलेला असतो. येथे प्रत्येक माप आपले आपण ठरवायचे आणि त्याची जबाबदारीही आपणच घ्यायची.

खेळण्यापासून यंत्रापर्यंत

हेलिकॉप्टरच्या इतिहासात लहान प्रतिकृती ही मोठ्या यंत्राची लेक नसून आई आहे. एकोणिसाव्या शतकात आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर उडणारी खेळणी तयार केली. त्याच धर्तीचे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या नकला केल्या, आणि आकार वाढवावा तसतसे खेळणे कमी उडते, हे पाहून ती चकित झाली. कारण त्या वयात कळणारे नव्हते. पुढे मोठेपणी त्यांना उमगले, की लांबी दुप्पट केली म्हणजे लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. हा नियम आपल्याला थोड्या वेळाने पुन्हा भेटणार आहे.

दुसरे उदाहरण स्पेनमधील हुआन दे ला सिएर्व्हा याचे. त्याने फिरत्या पात्यांवर तरंगणारे विमान बांधायला घेतले. त्याची आरंभीची यंत्रे पुढे धावू लागली की एका अंगावर कलंडत. मात्र त्याची लहान प्रतिकृती व्यवस्थित उडे! कारण शोधता असे दिसले, की प्रतिकृतीची पाती वेताची, लवचीक होती. मोठ्या यंत्राची ताठ होती. यंत्र पुढे जात असताना वाऱ्याला सामोरे जाणाऱ्या पात्याला उचल जास्त मिळते आणि मागे फिरणाऱ्याला कमी. वेताचे पाते वर-खाली हलून हा फरक पचवी. ताठ पाते तो फरक थेट यंत्राला देई आणि यंत्र उलथे. सिएर्व्हाने पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचे यंत्र यशस्वीपणे उडाले. अमेरिकेत आर्थर यंग यानेही वर्षानुवर्षे लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि १९४१ साली तो त्या घेऊन बेल कंपनीकडे गेला. त्यातून निघालेल्या 'बेल ४७' ला १९४६ साली नागरी उड्डाणाचा परवाना मिळाला. ज्यांना आपण खेळणी म्हणतो, त्यांच्या पदरी एवढे पुण्य आहे.

प्रमाणाचा हिशेब

आता एक निश्चित यंत्र समोर ठेवू. आपल्या लष्कराला, वायुदलाला आणि नौदलाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले 'चेतक' घेऊ. मूळ यंत्र फ्रान्सचे, नाव 'आलुएट ३'. त्याचे पहिले उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. १९६० साली त्याने हिमालयात सहा हजार मीटरांहून अधिक उंचीवर उतरून पुन्हा उड्डाण केले. १९६२ साली भारताने त्याच्या उत्पादनाचा करार केला आणि बंगळूरला जुळवलेले पहिले यंत्र १९६५ साली आकाशात गेले. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव त्याला शोभून दिसले.

त्याच्या मुख्य पंख्याचा व्यास ११.०२ मीटर, धडाची लांबी १०.०३ मीटर, उंची सुमारे ३ मीटर आणि शेपटीच्या पंख्याचा व्यास १.९१ मीटर. प्रमाण १:३२ धरले, तर पंखा ३४४ मिलिमीटरचा होतो, धड ३१३ मिलिमीटरचे, उंची ९४ मिलिमीटर आणि शेपटीचा पंखा ६० मिलिमीटरचा. साडेपाच फुटांचा वैमानिक ५२ मिलिमीटरचा होतो.

प्रमाण म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलालाही दिवाळीच्या किल्ल्यावरून समजावता येईल. मातीच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याचा वाघ दरवाजात मावत नाही. त्यात गोडवा आहे; तो कोणी काढून घेऊ नये. परंतु तो किल्ला रायगडाविषयी साक्ष देऊ शकत नाही. प्रतिकृतीत एकच नियम सर्वांना लागू: धडाला जो भागाकार, तोच दाराच्या मुठीला.

हा नियम ऐकायला सोपा, पाळायला कठीण. मूळ यंत्रावरील रिव्हेटचे डोके पाच मिलिमीटरचे धरले, तर प्रतिकृतीत ते ०.१६ मिलिमीटरचे होईल. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ०.०३ मिलिमीटरचा होईल. म्हणजे कागदाहूनही पातळ. तेव्हा दाराची कड, पंखाची कड, झडपेची कड अशा जेथे जाडी डोळ्यांना दिसते, तेथे मागच्या अंगाने घासून ती पातळ करावी. आत दडलेली जाडी तशीच ठेवावी. पाहणारा कडेवरूनच जाडीचा अंदाज बांधतो.

सांगाडा आणि कवच

पहिले काम कानशीचे नाही, डोळ्यांचे आहे. आराखडे आणि छायाचित्रे जमवावीत. दोन आराखड्यांत विरोध असेल, तर छायाचित्राला विचारावे. आणि छायाचित्रालाही जपून, कारण जवळून घेतलेल्या चित्रात नाक मोठे आणि शेपूट आखूड दिसते. ज्याचे माप पक्के ठाऊक आहे असा एखादा भाग चित्रात धरून त्याच्या आजूबाजूचे भाग मोजावेत. शिवाय 'चेतक' असे सर्वसाधारण काही नसते. असते ते अमुक क्रमांकाचे, अमुक वर्षीचे, अमुक रंगाचे एक यंत्र. एकाची शिडी आणि दुसऱ्याचा दिवा जोडून केलेले तिसरे यंत्र जगात कधीच नव्हते.

धडासाठी बाजूच्या आकाराची एक फळी उभी करून तिच्यावर ठराविक अंतराने आडव्या छेदांचे फर्मे बसवतात आणि त्यांवर पातळ प्लॅस्टिकचे कवच चढवतात. पुढील काचेच्या फुग्यासाठी वेगळी युक्ती आहे. लाकडाचा साचा कोरून काचकागदाने आरशासारखा गुळगुळीत करायचा, पारदर्शक पत्रा उबेने मऊ करायचा आणि एका दमात साच्यावर खाली ओढायचा. साचा पत्र्याच्या जाडीएवढा लहान करावा लागतो, नाहीतर फुगा धडावर बसत नाही. लाकडावरची एखादी शीर राहिली, तर ती काचेत कायमची उमटते.

'चेतक'चे इंजिन धडाच्या पाठीवर उघडेच असते. झाकणाआड लपवण्याची सोय नाही, म्हणून ते प्रतिकृतिकाराची खरी परीक्षा ठरते. जाड नळ्यांना पितळी तार, वळणदार नळ्यांना डाखाची मऊ तार आणि बारीक वायरींना तांब्याचा तंतू वापरावा. मात्र प्रत्येक नळी कोठून निघते आणि कोठे पोहोचते हे कळल्यावाचून ती वाकवू नये. तेलाची नळी तेलाच्या टाकीपर्यंत गेलीच पाहिजे. नुसती दाटी करण्यासाठी लावलेल्या तारा म्हणजे अर्थ न कळता म्हटलेले मंत्र.

पंख्याचे मर्म

हेलिकॉप्टरचा जीव पंख्यात, आणि प्रतिकृतीतील सर्वांत मोठ्या चुकाही तेथेच. 'चेतक'चा पंखा, फ्रेंच यंत्रांच्या रीतीप्रमाणे, वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. अमेरिकन यंत्रांचे पंखे बहुधा उलट फिरतात. पात्याची पुढची कड जाड व गोलसर, मागची पातळ. तेव्हा पंख्याच्या मध्यावर उभे राहून आपण पात्याच्या टोकाकडे पाहत आहोत अशी कल्पना केली, तर जाड कड उजव्या हाताला आली पाहिजे. ती डावीकडे बसली, तर बाकी सारे बिनचूक असूनही हे यंत्र जमीन सोडणार नाही.

याच दिशेवर शेपटीचे कामही अवलंबून आहे. पंखा एका दिशेने फिरला की धड उलट दिशेने फिरू पाहते. येथे नाक डावीकडे वळू लागते आणि शेपूट उजवीकडे जाते. म्हणून शेपटीचा पंखा तिला डावीकडे रेटतो. हे ज्याला समजले, तो शेपटीच्या पात्यांचा पीळ कधी उलटा देणार नाही.

मुळाशी जी बिजागरी आपण पितळेतून घडवतो, ती सिएर्व्हाचीच कल्पना. शेजारच्या दुसऱ्या बिजागरीवर पाते किंचित पुढे-मागे होते. तिन्ही पात्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या बारीक तारा हे या घराण्याचे खास लक्षण. त्या गाळल्या तर जाणत्याला यंत्र अपुरे वाटते.

आता राइट बंधूंचा नियम. उभ्या यंत्राची पाती आपल्या भाराने खाली झुकतात; उडताना तीच फिरण्याच्या ताणाने सरळ होऊन किंचित वर उचलली जातात. प्रतिकृतीचे पाते मात्र आपणहून झुकत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी ३२ पटींनी कमी केली, की वजन ३२,७६८ पटींनी घटते, पण ताठपणा तेवढा घटत नाही. हिशेब केला तर त्याच द्रव्याच्या, त्याच आकाराच्या पात्याचा झुकाव लांबीच्या मानाने ३२ पट कमी भरतो. म्हणजे दिसतच नाही. म्हणून पाते हाताने, अलगद, चित्राशी ताडून वाकवावे लागते. निसर्ग आपले प्रमाण पाळत नाही; जेथे तो पाळत नाही, तेथे कारागिराला त्याची भूमिका करावी लागते. मापाने चूक असलेले सरळ पाते आणि मापाने नेमके पण भाराने चूक असलेले सरळ पाते, दोन्ही पाहणाऱ्याला सारखीच फसवतात.

बारकाव्यांचा मोह

एकदा हात बसला की बारकाव्यांचा मोह सुटत नाही. रिव्हेट दिसतात म्हणून त्या सर्व ठोकाव्यात असे वाटते. परंतु ३२ पट लहान यंत्र हातभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरे यंत्र पंधरा मीटरांवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून जे दिसते ते दाखवावे, जे दिसत नाही ते सोडावे. ठळक रिव्हेटांनी भरलेले धड गोवराच्या अंगासारखे दिसते. रंगाचेही तसेच. दुरून रंग किंचित फिका भासतो. म्हणून मूळ डब्यातला रंग लहान वस्तूवर गडद वाटतो आणि त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. धूर कोठून निघतो, पायांची झीज कोठे होते, पाऊस कोणत्या बाजूने ओघळतो, याचा विचार करूनच मळ लावावा. मळालाही कारण असते.

अंदाज आणि सत्य

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कितीही शोध घेतला तरी काही जागा अशा उरतात, की जेथे चित्र नाही, माप नाही. तेथे अंदाज करावाच लागतो. तो करण्यात पाप नाही. तो लपवण्यात आहे. म्हणून चांगला प्रतिकृतिकार एक वही ठेवतो. हे माप आराखड्यावरून, हे चित्रावरून, हे प्रत्यक्ष मोजून आणि हे अंदाजाने, असे तीत लिहितो. यंत्रे निवृत्त होतात, भंगारात जातात. त्यानंतर एखादा विद्यार्थी त्या प्रतिकृतीकडे पाहूनच मूळ यंत्र समजून घेईल. वही नसेल, तर आपला अंदाज त्याच्या लेखी इतिहास होऊन बसेल.

आपल्या समाजात डोक्याचे काम वरचे आणि हाताचे खालचे, ही विभागणी फार जुनी आहे. तिने आपले नुकसान दुहेरी केले: विद्वानाला वस्तूची ओळख राहिली नाही आणि कारागिराला कारणाची. प्रतिकृतीच्या टेबलावर ही विभागणी टिकत नाही. बिजागरीचे कारण कळल्याशिवाय ती घडत नाही, आणि घडवल्याशिवाय ते कारण पुरते कळत नाही. पुस्तकात वाचलेली गोष्ट मला समजली असे आपण सहज म्हणतो. लाकडाचा तुकडा तसे सहज म्हणू देत नाही.

तरुण श्रोत्यांना म्हणूनच सुचवावेसे वाटते, की हेलिकॉप्टर नको असेल तर गावातली मोट, पवनचक्की, जुना पूल, काहीही घ्या. पण एकदा एखादी वस्तू मोजून, समजून, मापाने पुन्हा घडवा. हातून काय निर्माण होईल ते होवो. त्यानंतर जगातील कोणत्याही वस्तूकडे तुम्ही पूर्वीइतक्या ढिलाईने पाहणार नाही.