तीन फूट माती

गेल्या चैत्रातली गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशी झुंजत बसलो होतो. इतक्यात आप्पा दारात उभे राहिले. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलतबंधू. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमची वडिलोपार्जित सव्वातीन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर नावे दोघांची, घाम मात्र एकट्या आप्पांचा. मी धुळ्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि वर्षाकाठी दोन पोती गहू नि एक पोते बाजरी निर्लज्जपणे घरी आणतो. आप्पा आपण होऊन शहरात आले त्या अर्थी काही तरी बिनसले आहे, हे आमच्या सौ.ने चहाचे आधण ठेवता ठेवताच ओळखले.

चहा झाल्यावर त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. नदीलगतच्या एका एकरातली वरची तीन फूट माती वीटभट्टीवाल्याला द्यायची, पैसे रोख, आणि संमतीसाठी माझी सही. पुतणीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता आणि फीची सोय नव्हती. मी काही बोलण्यापूर्वीच आप्पा म्हणाले, "जमीन कोठे ईकी ऱ्हायनू? वरनी माटी जाई, जमीन आपलीच शे."

मी प्राध्यापकी सुरात मातीचे महत्त्व सांगू लागलो. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच वाक्य टाकले, "माटी खाईसन पोट भरस का? तुले काय, तू पगारना धनी!"

वाचकहो, हे वाक्य माझ्या फार वर्मी लागले. बहिणाबाई चौधरींची गाणी मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. आसोद्याची ही लेक जळगावच्या मळ्यांत राबली. तिला लिहिता येत नव्हते. ती गेली १९५१ साली, आणि तिची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. आज आमच्या विद्यापीठाला तिचेच नाव आहे. त्या गाण्यांतल्या जमिनीवर मी तास तास बोलतो, पण स्वतःच्या जमिनीची माती किती खोल आहे, हे मला ठाऊक नव्हते! शिवाय ज्या दिवाणखान्यात बसून मी आप्पांना उपदेश करीत होतो, त्याच्या भिंती विटांच्याच होत्या, आणि त्या विटा कुणाच्या ना कुणाच्या शेतातूनच आल्या असणार.

"आठ दिवस थांबा" एवढेच मी म्हणालो.

आप्पा गेल्यावर उत्तरपत्रिकांच्या पाठीवर मी हिशेब मांडला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन फूट खोल म्हटले की १,३०,६८० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे तेराशेहून अधिक ब्रास माती! ट्रॅक्टरच्या खेपांनी ती एका उन्हाळ्यात उचलता येते. तयार व्हायला मात्र खडक झिजावा लागतो, पाला कुजावा लागतो आणि पुराने गाळ आणून टाकावा लागतो. एक इंच सुपीक माती होण्यास शेकडो वर्षे लागतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. शिवाय पिकाला पोसणारा कस असतो तो बहुतेक वरच्या थरातच. आप्पांची 'वरनी माटी' म्हणजे दुधावरची साय. ती गेली की खाली उरते ती नावापुरती जमीन.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. शेजाऱ्यांनी आपल्या शेतातली माती आदल्याच वर्षी दिली होती. आमच्या बांधावर उभे राहिले की पलीकडे एकदम कमरेइतका उतार. तळाशी वाळू आणि मुरूम उघडा पडलेला. त्या खड्ड्याच्या कडेने आमचाही बांध ढासळू लागला होता. एकाने माती विकली की शेजाऱ्याची आपोआप वाहू लागते, हे त्या हिशेबात मी धरलेच नव्हते.

आमचे शेत जुन्या फडातले. फड म्हटले की शहरी वाचकांना तमाशा आठवेल. आमच्याकडचा फड पाण्याचा. पांझरा आणि मोसम या नद्यांवर काही शतकांपूर्वी लोकांनी बंधारे बांधले, पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडले, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी पीक फिरवायचे. यंदा उसाचा फड, तर पुढे तेथे दुसरे काही. कुणी काय पेरावे हे गाव बसून ठरवी. पाटकरी पाणी वाटी, जागल्या पिकाची राखण करी आणि पाटातला गाळ सारे मिळून काढीत. त्यामुळे पाण्याची वाटणी झालीच, पण जमिनीलाही आपसूक विसावा मिळाला. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत याच पांझरेच्या पाण्यावर त्यांनी काम केले होते. आमच्या गावचे म्हातारे हे अशा थाटात सांगत, की जणू साहेबांना पहिले धडे फडवाल्यांनीच दिले! पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, जो तो आपल्या पाण्याचा मालक झाला, आणि पुष्कळ ठिकाणी फड नावापुरता उरला. काही गावांनी तो अजून धरून ठेवला आहे, हे विशेष.

माती वाहून जाण्याचे दुःख काही एकट्या खानदेशचे नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या दुष्काळात, गवताळ राने नांगरून मोकळी केलेली, तेथली माती वाऱ्याने उडाली, आणि ते धुळीचे लोट थेट राजधानीपर्यंत पोचले तेव्हा कोठे १९३५ साली भूसंधारणाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात बांधबंदिस्तीसाठी कायदा आला तो १९४२ साली. जगाची लोकसंख्या २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटींवर गेली. या तोंडांचे बहुतेक सारे अन्न मातीतूनच येते, आणि जगातली सुमारे एक तृतीयांश जमीन खालावली असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१५ सालीच सांगून ठेवले आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले; पण त्या केळीच्या रावेर-यावलात विहिरींचे पाणी किती खोल गेले आहे, हे पेढे खाताना कुणी विचारीत नाही.

आप्पांना आकडे सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवले आणि बारीपाड्याला नेले. आमच्याच तालुक्यातला, पश्चिमेच्या डोंगरातला हा आदिवासी पाडा. तीसेक वर्षांपूर्वी येथले डोंगर बोडके होते आणि बाया पाण्यासाठी वणवण करीत. चैत्राम पवार हा तरुण एम.कॉम. होऊन गावातच राहिला. त्याने आणि गावकऱ्यांनी मिळून जंगलाला राखण बसवली, कुऱ्हाडबंदीचे नियम केले, तोडणाऱ्याला दंड लावला, उतारावर समतल चर खणले. आज सुमारे ४०० हेक्टर जंगल उभे आहे. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा धुळ्याच्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण आमच्यातले किती जण तेथवर गेले, ते विचारू नका. मीही तोवर गेलो नव्हतो.

आप्पांनी जंगलाकडे फारसे पाहिले नाही. ते एका विहिरीच्या काठावर वाकून बराच वेळ उभे राहिले. ऐन वैशाखात तीत पाणी होते. मग उतारावरच्या एका चरात ते उतरले, साचलेला गाळ मुठीत घेतला, दाबला, वास घेतला आणि रुमालात बांधला! मी हसलो. ते हसले नाहीत. परतीच्या वाटेवर दहिवेलला चहा घेईपर्यंत त्यांनी तोंड उघडले नाही. मग म्हणाले, "माटी ऱ्हाई, ते ठीक. पोरनी फी?"

प्रश्न रास्त होता. माती वाचवण्याचा सगळा भार, तिच्यातले धान्य खाणारे आम्ही, तिच्यात राबणाऱ्यावर टाकून मोकळे होतो. त्या रात्री सौ.ने विषय काढला. बैठकीच्या खोलीसाठी आम्ही नवा सोफा आणि रंगकाम ठरवले होते. "भिंतींना आणखी दोन वर्षे काही होत नाही," ती म्हणाली. फीची निम्मी रक्कम आम्ही भरली. उरलेल्या निम्म्यासाठी आप्पांनी दूधसंस्थेकडून उचल घेतली. ती अजून फिटायची आहे, आणि पुढल्या वर्षाच्या फीचे काय, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नाही. भट्टीवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेस त्याने भाव वाढवून सांगितला. आप्पांनी तो आकडा मला फोनवर कळवला आणि नंतर बराच वेळ दोघेही गप्प होतो.

मृगापूर्वी ढासळलेला बांध दगड लावून उभा केला. मीही दोन दिवस घमेली वाहिली. हातांना फोड आले आणि विद्यार्थ्यांत त्याची कीर्ती झाली. पहिल्या मोठ्या पावसात बांध एका जागी फुटला. आप्पांनी तो तसाच भर पावसात, पोते डोक्यावर घेऊन, पुन्हा बुजवला. शेजारच्या खड्ड्यात अजून पाणी तुंबलेले आहे आणि त्यात बगळे उभे असतात. आमच्या एकरातली बाजरी काढून झाली आहे. आता तेथे हरभरा पेरायचा म्हणतात आप्पा.